वाजश्रवसाचं कपाट



आजचं वाचन: कठोपनिषद, पहिला अध्याय, पहिली वल्ली, सुरुवातीचे चार मंत्र. ईशावास्य गेल्या आठवड्यात संपलं, आजपासून कठ. खरं तर पहिली वल्ली एका बैठकीत वाचून होते, पण मी आज मुद्दाम चारच मंत्रांवर थांबतोय. त्यात एक प्रश्न आहे जो सध्या आमच्या ऑफिसात जेवणाच्या टेबलावर निघालाय. उपनिषदात तो गायींबद्दल आहे, आमच्याकडे टी-शर्टांबद्दल.

आधी गोष्ट. वाजश्रवस नावाचे एक ऋषी. त्यांना यज्ञाचं फळ हवं होतं, म्हणून त्यांनी होतं नव्हतं ते सगळं देऊन टाकलं. शंकराचार्य भाष्यात सांगतात की हा विश्वजित यज्ञ, ज्यात सर्वस्व द्यायचं असतं. त्यांचा मुलगा नचिकेता, अजून लहान. दक्षिणेच्या गायी नेल्या जात होत्या तेव्हा तो बघत उभा होता. त्याला दिसलं, की या गायींचं पाणी पिऊन झालंय, गवत खाऊन झालंय, दूध देऊन झालंय, आता वासरूही होणार नाही. म्हणजे ज्याच्या घरी जातील त्याने त्या नुसत्या सांभाळायच्या. उपनिषद म्हणतं की त्या वेळी त्या पोरात श्रद्धा शिरली. शब्द नीट बघा. राग आला असं नाही म्हटलेलं, श्रद्धा शिरली. आणि तो वडिलांना विचारतो की मला कुणाला देणार? एकदा, दोनदा, तीनदा. तिसऱ्यांदा वडील भडकतात आणि म्हणतात, मृत्यूला.

पुढचं सगळं उपनिषद या भांडणातून निघालंय. आत्मा, श्रेय-प्रेय, शरीराचा रथ, सगळं. सुरुवात मात्र कशावरून? घरातला नको असलेला माल दान म्हणून खपवण्यावरून.

आता टी-शर्ट. आमच्या टीममध्ये एक सव्वीस वर्षांची मुलगी आहे. तिने गेल्या तीन महिन्यांत स्वतःचं कपाट पार बदलून टाकलं. कपडे, चपला-बूट, दागिने, पर्स सगळं धरून तेहतीस नग ठेवले, बाकी बाहेर. अमेरिकेतल्या कोर्टनी कार्व्हर यांनी २०१०मध्ये सुरू केलेला हा प्रयोग आहे, 'प्रोजेक्ट ३३३' नावाचा: तेहतीस वस्तू, तीन महिने. (आतले कपडे, घरात घालायचे, झोपायचे आणि व्यायामाचे कपडे मोजायचे नाहीत. आमच्या एका मित्राने लगेच हिशोब केला की वर्क फ्रॉम होम असेल तर मोजायला काही उरतच नाही.) तिचं म्हणणं, सकाळची पंधरा मिनिटं वाचतात, डोकं शांत राहतं, महिनाअखेरीस कार्डाचं बिल बघून धडकी भरत नाही. मला ऑफिसात 'बुवा' म्हणतात, एकादशीला डब्यात साबुदाणा असतो म्हणून. तर तिने मला विचारलं, "दादा, हे अपरिग्रहच झालं ना?"

टेबलावरचे बाकीचे हसले. कुणी म्हणालं फॅड आहे, कुणी म्हणालं पैसेवाल्यांचे चोचले. मला प्रश्न चांगला वाटला, आणि चांगल्या प्रश्नाला जेवणाच्या सुट्टीत उत्तर देऊ नये.

'कॅप्सूल वॉर्डरोब' हा शब्द आला कुठून ते आधी बघू. १९७०च्या दशकात लंडनमध्ये सुझी फॉक्स नावाच्या बाईंचं कपड्यांचं दुकान होतं, दुकानाचं नावच 'वॉर्डरोब'. त्यांचं सांगणं असं की थोडेच, पण चांगले, एकमेकांवर जुळणारे आणि फॅशन बदलली तरी जुने न वाटणारे कपडे घ्या, आणि ऋतूप्रमाणे वर एखाद-दोन भर घाला. मग १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या डोना कॅरन यांनी नोकरी करणाऱ्या बायकांसाठी सात कपड्यांचा संच काढला आणि ही कल्पना गाजली. म्हणजे उगम आश्रमात झालेला नाही, दुकानात झालाय. कमी कपड्यांत नीटनेटकं कसं दिसावं हा त्यामागचा विचार. त्यात वाईट काहीच नाही. नीटनेटकं दिसणं पाप असतं तर आपण विठोबाला भरजरी कपडे नेसवलेच नसते. फक्त एवढंच, की कपाटाची ही पद्धत उत्तम आहे म्हणून ती वैराग्याची पद्धत आहे, असं आपोआप होत नाही.

मग अपरिग्रह म्हणजे काय? पतंजलींनी पाच यम सांगितले, त्यातला हा पाचवा. व्यासभाष्यात त्याची फोड आहे आणि ती मला फार आवडते, कारण ती एखाद्या चांगल्या सिनियरने केलेल्या कोड रिव्ह्यूसारखी आहे, भावनेला हातच घालत नाही. भाष्य म्हणतं की वस्तूच्या मागे पाच दोष येतात: ती मिळवण्याचा, राखण्याचा, नष्ट होण्याचा, तिच्यात गुंतण्याचा आणि हिंसेचा. हे पाचही दिसले की माणूस ती वस्तू स्वीकारतच नाही. अपरिग्रह म्हणजे हा अस्वीकार.

एक साधा सुती टी-शर्ट घ्या आणि लावून बघा. मिळवणं: रात्री साडेअकराला अंथरुणात पडून अंगठा वरखाली, 'फक्त दोन शिल्लक', आणि ऑर्डर. राखणं: धुणं, इस्त्री, डांबराच्या गोळ्या, आणि पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये भिंतीला लागून असलेल्या कपाटात बुरशी. नष्ट होणं: पाचव्या धुण्यात गळा सैल, आणि त्याचं जे काय वाईट वाटतं ते. गुंतणं: 'हा माझा लकी टी-शर्ट, इंटरव्ह्यूचा.' इथवर सगळं आपल्यापुरतं आहे. पाचवा दोष, हिंसा, हा मात्र आपल्या खोलीत घडत नाही, म्हणून तो कपाटात दिसत नाही.

तो बघायला जरा बाहेर जावं लागतं. एका सुती टी-शर्टामागे सुमारे २,७०० लिटर पाणी लागतं असा 'वर्ल्ड वाइल्डलाइफ फंड'चा आकडा सगळीकडे फिरत असतो. तो सरासरीचा अंदाज आहे. आपल्या विदर्भातला कापूस बहुतेक कोरडवाहू, पावसावरचा, त्याला हा आकडा तसाच चिकटवता येणार नाही. पण विदर्भाचा हिशोब पाण्यात नाहीच करायचा. २०१७च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. डोक्यापर्यंत वाढलेल्या कपाशीत, पाठीला पंप, तोंडाला बांधलेला रुमाल. भाष्यकारांनी हिंसा हा शब्द लिहिला तेव्हा त्यांच्यासमोर कीटकनाशकं नव्हती, पण शब्द बरोबर बसतो. तो टी-शर्ट मी एकदा घालून कपाटात ठेवला, शंभरदा घातला, की न घालताच देऊन टाकला, यवतमाळच्या त्या माणसासाठी काही बदलत नाही. त्याच्यासाठी जे काही व्हायचं ते मी घेण्याआधी होऊन गेलेलं असतं.

आणि इथेच माझ्या मते त्या मुलीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. कपाट आवरणं ही बाहेर जाणाऱ्या वाटेवरची गोष्ट आहे. अपरिग्रह आत येणाऱ्या दारावर उभा असतो. दोन्ही वेगळी दारं. सत्तर कपडे बाहेर काढणारा माणूस पुढच्या दिवाळी सेलपर्यंत पुन्हा सत्तर करू शकतो, आणि काही लोकांचं तर हे चक्रच झालंय: भरा, काढा, फोटो टाका, हलकं वाटलं म्हणून पुन्हा भरा. पोट साफ होण्याचं चूर्ण रोज घेऊन वर रोज मिसळपाव खाण्यासारखं. तेहतीस कपड्यांचा खरा उपयोग मला वेगळाच वाटतो. तीन महिने नवीन काही घ्यायचं नाही हे त्यात ओघानेच येतं. अपरिग्रहाचा अंश असेलच तर तो त्या न घेण्यात आहे, रिकाम्या हँगरमध्ये नाही.

मेरी कोंडो बाईंचं नाव इथे येणारच. त्यांचं पुस्तक इंग्रजीत २०१४ साली आलं, नेटफ्लिक्सवर २०१९ मध्ये मालिका आली आणि अख्खं जग कपडे पलंगावर ओतून बसलं. त्यांची एक गोष्ट मला मनापासून पटते: वस्तू काढून टाकण्याआधी तिचे आभार मानायचे. आपण खंडेनवमीला हत्यारांची पूजा करतो, लॅपटॉपला हळद-कुंकू लावतो, त्याच भावकीतली ही गोष्ट. पण त्यांची कसोटी अशी, की वस्तू हातात घ्या आणि विचारा, हिने मला आनंद होतो का? होत असेल तर ठेवा. कठोपनिषदाची दुसरी वल्ली आपण दोन-तीन दिवसांत वाचू, तिथे यम नचिकेत्याला सांगतो की माणसापुढे दोन गोष्टी येतात, श्रेय आणि प्रेय, हिताचं आणि आवडीचं. कोंडोंचा प्रश्न सरळसरळ प्रेयाचा आहे. कपाटापुरता तो चालून जातो. सगळ्या आयुष्याला तो लावायला निघालात तर म्हातारे आई-वडील, कंटाळवाणी जबाबदारी, कठीण मित्र, सगळेच बाहेरच्या ढिगात जातील.

हां, आणि एक विनंती. कपाट आवरतानाच्या फोटोंखाली गीतेतला जुनी वस्त्रं टाकण्याचा श्लोक लिहू नका हो. दुसऱ्या अध्यायात भगवंत तो मृत्यूबद्दल सांगतायत, समोर शोकाने कोसळलेला अर्जुन आहे. तो सेलच्या आधी जागा करण्यासाठी नाही.

आता परत वाजश्रवसांकडे. मला या गोष्टीत सगळ्यात जास्त टोचतं ते हे, की मोजदाद केली तर वाजश्रवस पूर्ण पास होतात. त्यांनी तेहतीस नगही ठेवले नाहीत. सर्वस्व दिलं. त्यांच्यापेक्षा रिकामं कपाट कुणाचं असणार? तरीही एका लहान मुलाला दिसलं की काहीतरी बिघडलंय. म्हणजे आपल्याकडे किती उरलं हे माप इथे लागू होत नाही. मुलगा बापाच्या गोठ्याकडे बघतच नव्हता. तो गायींकडे बघत होता, आणि त्या जिथे जाणार होत्या त्या घरांकडे.

आमच्या सोसायटीत दर वर्षी दिवाळीआधी जुने कपडे गोळा करतात. गेली चार वर्षं मी वर्गवारी करायला बसतो, क्लबहाऊसमध्ये सतरंजी टाकून. काय येतं सांगू? एकेकटे मोजे. इलॅस्टिक गेलेल्या चड्ड्या. कंपनीच्या लोगोचे टी-शर्ट, ज्यातल्या काही कंपन्या आता बंदही पडल्यात. चेन तुटलेल्या जीन्स, एक्सएल आणि डबल एक्सएल, ज्या वाड्या-वस्त्यांवर राबणाऱ्या माणसाच्या कमरेवर राहणारच नाहीत. लग्नातला एकदाच घातलेला, खड्यांनी जड झालेला लेहंगा. आणि पिशवीवर स्केचपेनने लिहिलेलं असतं: 'गरजूंसाठी'. साधारण अर्धा माल आम्ही वेगळा काढतो. एकदा एक काकू खाली येऊन म्हणाल्या, "त्यांना चालतं रे, काही नसण्यापेक्षा बरं." त्या काकू वाईट नाहीत, पंचवीस वर्षं अखंड पारायण करतायत. पण 'त्यांना चालतं' या वाक्यात वाजश्रवसांच्या सगळ्या गायी येऊन उभ्या राहतात.

हे आमच्या सोसायटीपुरतं नाही. २००४च्या डिसेंबरमध्ये त्सुनामी आली तेव्हा तामिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून कपड्यांचे ढीग गेले आणि त्यातले कितीतरी रस्त्याच्या कडेला पडून राहिले, कारण ते तिथल्या लोकांच्या उपयोगाचेच नव्हते. 'गूंज' ही दिल्लीची संस्था तेव्हा त्या ढिगांच्या वर्गवारीत उतरली. अंशू गुप्तांनी ती १९९९ मध्ये सुरू केली. त्यांच्या कामातली मला भावलेली गोष्ट ही, की ते गावात जाऊन कपडे वाटत सुटत नाहीत. गावाने ठरवलेलं काम, विहीर असो, रस्ता असो, गावकरी करतात आणि त्याचा मान म्हणून कपडे मिळतात. घेणाऱ्याची मान खाली जात नाही. दान कसं द्यावं यावर आपल्याकडे पानंच्या पानं लिहिली गेलीयत: देश, काळ, पात्र बघून द्यावं, असं गीताही सतराव्या अध्यायात सांगते. 'पात्र' या शब्दाचा अर्थ आपण बहुतेक वेळा 'घेणारा लायक आहे का' असा घेतो. माझ्या मते तो उलटाही वाचता येतो: माझी वस्तू त्याच्या लायकीची आहे का?

आपल्या बायाबापड्यांना हे उपनिषद न वाचताही ठाऊक होतं. द्रौपदीच्या चिंधीची गोष्ट घ्या. मूळ महाभारतात ती नाही, ती लोकांनी रचलीय, आणि १९५३च्या 'श्यामची आई' चित्रपटातल्या गाण्यामुळे घराघरात पोचलीय. कृष्णाचं बोट कापलं, चिंधी हवी. सख्खी बहीण सुभद्रा. तिच्याकडे सगळे भारी शालू, त्यातली चिंधी कशी फाडणार? मानलेली बहीण द्रौपदी अंगावरचं भरजरी पीतांबर फाडते. लहानपणी मला वाटायचं, सुभद्रेने घरात एखादं जुनं फडकं शोधायला हवं होतं. आता वाटतं, गोष्टीने मुद्दाम जुनं फडकं ठेवलेलंच नाहीये. जुनं फडकं असतं तर गोष्टच घडली नसती. कृष्णाच्या जखमेला कापड मिळालं असतं, आणि कुणाचं काही गेलं नसतं.

यावर एक आक्षेप मला लगेच ऐकू येतो, आणि तो रास्त आहे. म्हणजे काय, जुने कपडे द्यायचेच नाहीत? सगळ्यांनी पैठण्या फाडायच्या? तसं नाही. जुना पण धडका शर्ट कुणाच्या कामी येत असेल तर तो कपाटात कुजवण्यापेक्षा देणं शंभर पटींनी बरं. मी फक्त म्हणतोय की त्याला त्याच्या नावाने हाक मारा. ते आवरणं आहे. आवरणं चांगलं आहे, केर काढणं चांगलंच असतं. पण केर काढून कुणी त्याची पावती देवाच्या नावाने फाडत नाही.

या बाबतीत मला बोहारीण सगळ्यात प्रामाणिक वाटते. तुमच्यातल्या किती जणांनी बोहारीण पाहिलीय कोण जाणे, आता सोसायटीच्या गेटवरच तिला अडवतात. आमच्या साताऱ्याच्या वाड्यात ती यायची, डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी. आजी तिच्यासमोर जुनी लुगडी, पँटी, स्वेटर मांडायची. बोहारीण प्रत्येक कपडा उजेडात धरून बघायची, काखेत फाटलाय का, बसायच्या जागी विरलाय का, चेन चालते का. मग घासाघीस. एक पातेलं, नाही, त्यावर एक वाटी दे. दोघी तासभर भांडायच्या आणि शेवटी चहा प्यायच्या. त्यात कुणी कुणावर उपकार केले नाहीत. बोहारणीला नको असलेला कपडा ती सरळ बाजूला सारायची, 'हे ठिवा तुमच्यापाशीच.' आणि जो बाजूला सारला जायचा त्याची आजी गोधडी शिवायची, गोधडी विरली की पायपुसणं. त्या घरात कपडा 'टाकून देणं' ही क्रियाच नव्हती. कुणी त्यांना मिनिमलिस्ट म्हटलं नाही. ज्याच्याकडे मुळात दोनच लुगडी आहेत त्याला कुणी तसं म्हणतच नाही. तो शब्द वापरायला आधी खूप असावं लागतं. टेबलावरच्या 'पैसेवाल्यांचे चोचले'वाल्या मित्राचा हा मुद्दा मी मान्य करतो.

पण त्याच मित्राचं पुढचं म्हणणं, की म्हाताऱ्या माणसांना काही सोडवतच नाही, सगळं साठवून ठेवतात, ते मला मान्य नाही. कोण काय ठेवतं आणि का ठेवतं, हे बाहेरून कळत नाही.

माझे बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. तेराव्यानंतर आत्या म्हणाली कपडे लगेच देऊन टाक, घरात ठेवू नयेत. आईने काही उत्तर दिलं नाही. दोन महिने कपाट बंद होतं. मग एका शनिवारी मी घरी गेलो तर तिने सगळं पलंगावर काढलेलं. गेल्या दिवाळीतले दोन शर्ट, टाचण्याही न काढलेले. लोकरीचा कोट. तीन बऱ्या पँटी. आमच्याकडे वीस वर्षं दूध घालणारे काका आहेत, आईने त्यांना ते द्यायचं ठरवलं होतं. पण काका बुटके. म्हणून ती आधी त्यांच्या घरी गेली, वहिनींना विचारलं, "ह्यांचे कपडे आहेत, चालतील का तुम्हाला?", मापाची पँट मागून आणली, आणि शिंप्याकडून तीनही पँटी कापून, दुमडून, इस्त्री करून दिल्या. शिंप्याने साडेचारशे रुपये घेतले. मी म्हटलं, "एवढ्यात नवीन एक पँट आली असती गं." ती म्हणाली, "नवी कुणीही देईल. ही ह्यांची आहे."

आणि तिने स्वतःसाठी एकच शर्ट ठेवला. निळ्या चौकड्यांचा, कॉलर पार झिजलेली, दोन बटणं वेगळ्या रंगाची. जो कुणालाच देता आला नसता.

कॅप्सूल वॉर्डरोबच्या कुठल्याही नियमाने हे उलटं आहे. नियम म्हणतो चांगलं, टिकाऊ, जुळणारं ठेवा, विटलेलं काढा. आईने चांगलं ते सगळं दिलं, विटलेलं ठेवलं. मला विचाराल तर नचिकेत्याने त्या गोठ्यात हेच मागितलं होतं. म्हाताऱ्या गायी आपण सांभाळू, बाबा. दुभत्या द्या. गंमत बघा, गायी घरातच मरेपर्यंत सांभाळल्या असत्या तर वाजश्रवसांचा यज्ञ 'अपूर्ण' राहिला असता, यादीत काहीतरी शिल्लक दिसलं असतं. आणि तरी तो जास्त पूर्ण झाला असता.

मग त्या झिजल्या शर्टातली आसक्ती? ती आहेच. मी नाकारत नाही, आईही नाकारणार नाही. आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. प्रोग्राम चालू असताना मेमरीत वस्तू तयार होत राहतात, आणि ज्या लागत नाहीत त्या उचलायला एक झाडूवाला असतो, गार्बेज कलेक्टर. तो वस्तू जुनी आहे का, मोठी आहे का, शेवटची कधी वापरली, हे बघत नाही. तो फक्त बघतो की हिला अजून कुणी धरून ठेवलंय का, कुठूनतरी हिच्याकडे बोट आहे का. एकही बोट उरलं नाही की वस्तू आपोआप मोकळी होते. तोवर कितीही झाडा, ती जात नाही. ममत्व हे असंच काहीसं बोट आहे. वस्तू घराबाहेर गेली म्हणजे बोट सुटतं असं नाही; कितीतरी लोकांनी दिलेल्या वस्तूवरचं बोट सोडलेलं नसतं, देवळाच्या पंख्याच्या पात्यावर नाव घालणारे आपण. आणि उलट, वस्तू घरात असूनही बोट सैल होऊ शकतं. आईचं त्या शर्टाबद्दल काय होईल ते मला माहीत नाही. तिचं कपाट आवरणं माझं काम नाही. दुसऱ्याच्या कपाटातलं वैराग्य फार सोपं असतं. (बायकोच्या कपाटाबद्दल मी याच कारणाने काही लिहीत नाही.)

गाडगेबाबा अंगावर चिंध्यांची गोधडी आणि हातात मडकं घेऊन फिरले. त्यांचे फोटो बघून वाटतं, हाच खरा कॅप्सूल वॉर्डरोब. पण बाबांनी कधी आपल्या कमी कपड्यांबद्दल कीर्तन केलं असं काही ऐकिवात नाही. ते कीर्तन करायचे ते स्वच्छतेवर, शिक्षणावर, कर्ज काढून सण करू नका यावर; आणि त्यांच्या नावाने उभ्या राहिल्या त्या पंढरपूर-नाशिकसारख्या ठिकाणच्या धर्मशाळा, म्हणजे दुसऱ्यांना अंग टेकायला जागा. स्वतःकडे किती आहे याकडे बघायला त्यांना वेळ नसावा. आपण मात्र नग मोजतो. तेहतीस, चौतीस.

तर त्या मुलीला मी काय सांगितलं? तुझं कपाट छान झालंय, हे आधी सांगितलं, कारण खरंच झालंय. तीन महिने काही घेतलं नाहीस, ते पुढचे तीन महिनेही जमतंय का बघ, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. मग विचारलं, बाहेर काढलेल्या कपड्यांचं काय केलंस? ते अजून दोन काळ्या पिशव्यांत बाल्कनीत आहेत म्हणाली, कुणाला द्यायचे ते कळत नाहीये. म्हटलं, हाच तर नचिकेत्याचा प्रश्न आहे. कुणाला देणार? तो सुटेपर्यंत पिशव्या बाल्कनीत असू देत, घाई नाही. बटणं लावून घे, धुऊन ठेव. आणि तुझ्या त्या तेहतिसातला एखादा, जो देताना जरा दुखेल, तो कुणाच्या मापाचा आहे का तेही बघ.

ती म्हणाली, "म्हणजे बत्तीस?" मी म्हटलं, मोजू नकोस गं.

आमच्या सोसायटीची गोळा करायची तारीख पुढच्या रविवारी आहे. त्या भागातले असाल तर सकाळी दहा ते एक या वेळात क्लबहाऊसला या, वर्गवारीला माणसं कमी पडतात. मोजे आणलेत तर जोडीने आणा.

उद्याचं वाचन याच वल्लीतले पुढचे पाच मंत्र. नचिकेता यमाच्या घरी पोचतो. यम घरी नाहीये, आणि पोरगा तीन रात्री दारात उपाशी बसून राहतो.

राम कृष्ण हरी.